हाकु, तेगि

जीप ठोकळ्यांवर. मागची दोन्ही चाकं काढलेली,
हौसिंग उघडं, परातीत नव्वद नंबरचं काळं तेल,
त्यात चमकणारा लोखंडाचा चुरा.
दुंडाप्पा बडिगेर बोट बुडवतो, हुंगतो,
ताक किती आंबलंय ते बघावं तसा.
"लुमाण्णा, आता ठरव की. कुठला लॉक?"

उद्यमबागेत लेथ बंद व्हायची वेळ.
मे संपायला नऊ दिवस.
त्यानंतर खानापूर ओलांडलं की
रस्ता म्हणजे नुसती अफवा.

मी गेल्या भाद्रपदातली संध्याकाळ धरून बसलोय.
मागं तांदळाची अकरा पोती, दोन सिलिंडर, हेरेकर बाई,
ओढ्यापल्याड गवाळीची शाळा.
डावं चाक राडीत, नुसतं गरगर.
उजवं जांभ्यावर, पाय रोवून, कोरडं
आणि ढिम्म.
बाई चपला हातात घेऊन उतरल्या,
दोन्हीकडून वाकून बघितलं, म्हणाल्या,
"भागाकार चुकलाय याचा."

चुकला नव्हता. तो तसाच असतो.
डिफरन्शियल दोघांना सारखंच वाटतो,
पण ज्याला काहीच पेलत नाही त्याच्या मापानं.
जांभ्यावरच्याला पायलीभर पेललं असतं,
पदरात पडलं राडीतल्याइतकंच, चिमूटभर.
रात्री दहाला दोन रेड्यांनी ओढून काढलं.

दुंडाप्पा बाकावर एकेक मांडतो.
वेल्डिंग: आठशे रुपये, चहा धरून.
स्टार गिअर कायमचे चिकटवायचे,
दोन्ही चाकं जन्मभर एकाच चालीची.
इनास बार्देसकरनं केलं होतं तसं.
चिखलात राजा होता.
चोर्ल्याच्या वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला,
आतल्याला जवळचा, आणि दोघांना माप एकच.
शाफ्ट कडाडला.
काजूची पोती गोव्याच्या हद्दीत, इनास आपल्या.

मग प्लेटांचा. घसरणाऱ्याला आवरतो, पण शब्दानं,
हात धरत नाही.
प्लेटा झिजल्या की शब्दही जातो.

आपोआप लागणारा स्वस्त, पण मर्जीचा.
कधी धरेल, कधी खाड् करून सोडेल,
"रात्री घाटात दचकशील," दुंडाप्पा म्हणतो.

हवेचा: बटण दाबलं, फुस्स, लागला.
पण कंप्रेसर आला, नळी आली, रबराची कडी आली,
आणि गवाळीतले उंदीर.
माझ्याकडं पैसे निम्मे आहेत, उंदीर सगळे.

उरला वायरचा.
सीटशेजारी दांडी, खाली केबल,
आत लोखंडी काटा सरकतो आणि दातात दात बसतात.
तुटली तर स्कूटरच्या क्लचची वायर चालते.
मी हात फिरवून बघितला. थंड, जड.
"हाच."
"बघ हं. हा सांगितल्याशिवाय काही करत नाही."
"म्हणूनच."

चार दिवसांनी दांडीखालच्या पट्टीवर
त्यानं पांढऱ्या रंगानं कानडीत लिहिलं:
पुढं हाकु, मागं तेगि.
घाल आणि काढ, एवढंच.
मला वाचता येतं. तरी माझ्या कानाला
हाकु म्हणजे गाडी हाकणंच.
"मराठीत लिहू काय खाली?"
म्हटलं राहू दे, दोन्हीकडून चालतंय.

"थांबून लाव," तो म्हणाला.
"फिरत्या चाकात काटा घातलास तर दात जातील.
सरळ जा. वळण आलं की सोड.
आणि सोडायला विसरशील, सगळेच विसरतात."

श्रावणात त्याच ओढ्याशी थांबलो.
दांडी पुढं. खाली कुठंतरी टक्.
राडीतलं चाक राड उडवत राहिलं,
जांभ्यावरच्यानं गाडी उचलली.
बाई या वेळी उतरल्या नाहीत,
फक्त पिशवीतल्या वह्या छातीशी धरल्या.

पल्याड शाळेचं वळण, फरशीचं, कोरडं.
मी विसरलोच.
टायर कण्हला, स्टेअरिंग हट्टाला पेटलं.
"आता दोघांना हवं तेवढं मिळतं का रे?"
बाईंनी मागून विचारलं.
दांडी मागं ओढत म्हटलं,
"राड असेल तोवर, बाई.
मग ज्याची त्याची चाल."